मधल्या वाटेवरचे पैसे

पैसे पाठवणाऱ्याच्या हातून सुटले आणि घेणाऱ्याच्या हाती पडले नाहीत, तर ते असतात कुठे? प्रश्न साधा वाटतो, पण माणसं गेली कित्येक शतकं तो विचारत आली आहेत. हल्ली तो मोबाईलवर विचारला जातो, एवढंच. "पैसे कट झाले, पण खात्यात दिसत नाहीत." घरातल्या तरुण मुलांच्या तोंडी हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच.

या विषयाकडे वळायला कारण झालं ते नात्यातल्या एका मुलाचं प्रकरण. २०२३ सालची गोष्ट. क्रिकेटचा संघ निवडून पैसे लावायचा एक खेळ तो मोबाईलवर खेळत असे. मोबाईलच्या पाकिटातून त्याने खेळाच्या खात्यात दोन हजार रुपये भरले. पाकिटातून गेले, खेळाच्या खात्यात मात्र शून्य. त्याने लगेच पुन्हा दोन हजार भरले, तेही तसेच. घरी सांगायची सोय नव्हती. मग त्याने इंटरनेटवर शोधून 'मदत केंद्रा'चा नंबर मिळवला. तो नंबर भामट्याचा निघाला. त्याने सांगितलेलं एक ॲप याने उतरवून घेतलं, त्यातून याच्या मोबाईलचा पडदा त्याला दिसू लागला, आणि बँकेतले अठरा हजार गेले. गंमत अशी (गंमत कसली!) की भरलेले चार हजार आठवड्याच्या आत आपोआप परत आले. ज्यांच्यासाठी धडपड केली ते सुखरूप, आणि धडपडीत दुसरेच बुडाले.

हे ऐकल्यावर मला नरसी मेहतांची हुंडी आठवली. महिपतींच्या 'भक्तविजया'त नरसी मेहता आहेतच, आणि आपल्याकडे कीर्तनातही ही कथा रंगवून सांगतात. द्वारकेला निघालेले यात्रेकरू जुनागडला येतात. वाटेत चोरांचं भय, म्हणून रोकड इथे द्यावी आणि द्वारकेच्या पेढीवर हुंडी घ्यावी असा विचार करतात. गावातले टवाळ त्यांना नरसींकडे धाडतात. नरसी शामळशा शेठच्या नावाने हुंडी लिहून देतात. यात्रेकरू द्वारकेत पोचतात आणि पेढ्या पालथ्या घालतात, पण शामळशा शेठ कुणालाच ठाऊक नाही! शेवटी देवच शेठ होऊन हुंडी पटवतो. कथा भक्तीची, पण त्या यात्रेकरूंची कागद हातात धरून चाललेली वणवण अगदी ओळखीची आहे. आजचा मुलगा 'पैसे गेले' असा संदेश दाखवत फिरतो, तसाच.

प्रत्यक्षातल्या हुंडीला मात्र देवाची वाट बघावी लागत नसे. तिचे नियम पक्के होते. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडीचे मुदत भरल्यावर. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच मिळत. म्हणजे वाटेत चोराने कागद पळवला तरी त्याला कोण ओळखणार? (आज 'शहाजोग' शब्द आपण टोमण्यात वापरतो, पण हुंडीच्या बाजारात त्याला मोठा मान होता.) हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे खोका. आजच्या राजकारणातले खोके वेगळे! पैसे दिल्यावर तीच हुंडी पुन्हा चालू नये, म्हणून खोका नीट जपून ठेवत. समोरच्या पेढीने हुंडी नाकारली, तर लिहिणाऱ्याला मुद्दलावर नुकसानभरपाई द्यावी लागे. पेशव्यांच्या काळात उत्तरेतला पैसा पुण्याला यायचा तो बराचसा अशा हुंड्यांनीच.

मुद्दा असा, की पैसे मधल्या वाटेवर अडकू शकतात हे त्या सावकारांनी धरूनच चाललेलं होतं. प्रत्येक अडचणीला एक नाव होतं आणि एक उपाय होता. इंग्रजांनी १८८१ साली हुंड्या-चेकांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रिवाजांना त्यांनी हात लावला नाही. रिवाज चोख होता म्हणूनच ना?

पण हुंडी पेढीवाल्यांची. गरिबाला पैसे पाठवायचे तर? त्याच्यासाठी १८८० साली टपाल खात्याची मनीऑर्डर आली. त्याआधी सरकारी खजिन्यांतून पैसे पाठवायची सोय होती, पण खेड्यातल्या माणसाला खजिना कुठे गाठता येणार? मनीऑर्डर थेट दारात आली. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी पगार झाला की फॉर्म भरायचा आणि कोकणात चूल पेटायची. रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर जगतो असं म्हणत, त्यात अतिशयोक्ती थोडीच होती. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि त्याचा हिशेब कोकणातल्या वाडी-वाडीवर पोस्टमनच्या रिकाम्या पिशवीत दिसत होता.

मी त्या काळात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक होतो. मनीऑर्डर आली की म्हाताऱ्या बायका अंगठा उठवायच्या, आणि साक्षीदार म्हणून सही करायला पोस्टमन बऱ्याचदा शाळेत यायचा. खालच्या कुपनावर मुलाने चार ओळी लिहिलेल्या असत, त्या मीच वाचून दाखवायचो. पैसे किती आले यापेक्षा त्या ओळी दोनदा ऐकायची हौस. फॉर्मचा एक तुकडा अंगठ्यासकट परत मुंबईला जाई. त्याला पोच म्हणत. मुंबईतला मुलगा पोचेची वाट बघायचा, इथली आई पैशांची. वेळ झाला तर दोन्हीकडून चौकशी सुरू. "अगो, अजून आली नाय कशी?" असं म्हणत आई पोस्टात जायची, आणि तिकडून मुलगा पावती घेऊन तक्रार नोंदवायचा.

कायदा मात्र पाठवणाऱ्याच्या बाजूचा नव्हता. १८९८ च्या टपाल कायद्यात मनीऑर्डरीसाठी कलम होतं. नजरचुकीने किंवा दुर्लक्षाने पैसे द्यायला उशीर झाला, तर सरकारवर दावा चालणार नाही, फक्त कर्मचाऱ्याची लबाडी किंवा मुद्दाम केलेली कुचराई असेल तरच, असा त्याचा मतितार्थ. म्हणजे सावकार हुंडी फिरली तर भरपाई देत होता, आणि सरकार 'चुकलं, क्षमस्व' एवढंही म्हणायला बांधलेलं नव्हतं! तो कायदा पुढे शतकाहून अधिक काळ टिकला. त्याच्या जागी २०२३ चा नवा टपाल कायदा आला आणि तो २०२४ च्या जूनमध्ये लागू झाला. जुनी कागदी मनीऑर्डर त्याआधीच, २०१५ मध्ये, थांबली होती.

दरम्यान पैशाने मोबाईल धरला. केनियात २००७ च्या मार्चमध्ये 'एम-पेसा' सुरू झालं. पेसा म्हणजे स्वाहिलीत पैसा, शब्द आपल्याच घरचा वाटावा असा. मूळ कल्पना छोट्या कर्जांचे हप्ते मोबाईलवरून फेडण्याची होती. लोकांनी त्याचा उपयोग केला तो शहरातून गावी पैसे पाठवायला. म्हणजे नैरोबीचा चाकरमानी आणि गिरणगावातला चाकरमानी यांची गरज एकच! आपल्याकडे मोबाईलची पाकिटं त्यानंतर रुळली. बँकेतून बँकेत तात्काळ पैसे धाडायची सेवा २०१० मध्ये आली, यूपीआय २०१६ च्या एप्रिलमध्ये आलं, आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या नोटबंदीने सगळ्यांनाच त्या रस्त्यावर ढकललं.

आता या नव्या वाटेवर पैसे कुठे अडकतात ते बघू. आपण बटण दाबतो तेव्हा आपली बँक किंवा पाकीट आपल्या खात्यातून रक्कम वजा करतं. निरोप मधल्या यंत्रणेतून घेणाऱ्याच्या बँकेकडे जातो. ती बँक रक्कम जमा करते आणि 'पोचली' असा निरोप उलट येतो. दुकान किंवा खेळाची कंपनी असेल, तर मध्ये आणखी एक मध्यस्थ असतो. तो पैसे गोळा करतो आणि कंपनीच्या संगणकाला कळवतो, की अमक्याचे इतके आले, त्याच्या नावे मांडा. म्हणजे एका बटणामागे चार-पाच खतावण्या. पहिलीत नावे पडलं आणि शेवटचीत जमा पडलं नाही, की आपले पैसे मधल्या वाटेवर.

यात दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. घेणाऱ्याच्या बँकेत पैसे पोचलेच नाहीत, तर ते परत फिरतात. पण बँकेत पोचले आणि कंपनीच्या वहीत मात्र चढले नाहीत, तर बँक हात वर करते. तिच्या दृष्टीने व्यवहार पुरा झालेला असतो. मग भांडण कंपनीशी. दोन्हीसाठी हाताशी हवा तो व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो. हाच आजचा हुंडीचा कागद!

आणि इथे सावकारांचा जुना न्याय परत आला. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढलं. यूपीआयने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा झाली नाही, तर ती व्यवहारानंतर एका दिवसात परत फिरली पाहिजे. दुकानदाराला दिलेल्या पैशाची खातरजमा त्याच्याकडे पोचली नाही, तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. १८९८ चं कलम आणि हे परिपत्रक शेजारी ठेवून बघा. सव्वाशे वर्षांत मधली वाट कुणाची जबाबदारी, याचं उत्तर पार उलटं झालं.

म्हणूनच त्या मुलाचे चार हजार आपोआप आले. तो थांबला असता तर एक पैसाही गेला नसता. मग तो थांबला का नाही? मला वाटतं, याचं उत्तर दुसऱ्याच इतिहासात आहे.

पैजेच्या पैशाला आपल्याकडे कोर्टाचं दार कधी नीट उघडलंच नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरवला. मुंबई इलाख्यात १८८७ पासून जुगार प्रतिबंधाचा कायदा आहे. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका मुंबईत फोफावला, तो सगळा तोंडी शब्दावर आणि चिठ्ठीवर. पैसे बुडाले तर सांगणार कुणाला? घरी नाही, पोलिसांत तर नाहीच. मोबाईलवरच्या खेळांनी जाहिराती झळकवल्या, नटांना आणि क्रिकेटपटूंना उभं केलं, सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के करही लावला. पण मटक्याच्या चिठ्ठीमागची ती लाज मुलाच्या मनातून गेली नव्हती. लाजेपोटी तो घरातल्यांऐवजी अनोळखी नंबरशी बोलला. भामट्याचं भांडवल तेच.

पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाईन खेळांचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर संमती झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर त्यात बंदी आहे आणि बँकांनी अशा खेळांसाठी पैसे पुढे सरकवू नयेत असंही म्हटलं आहे. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला. खेळणाऱ्याला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण परदेशात बसलेली संकेतस्थळं अजूनही मुलांना ओढतात. तिथे 'खात्यात भरा' म्हणून भलत्याच माणसाचं खातं दिलेलं असतं. ते पैसे अडकले तर ना पेठ, ना परपेठ, ना परिपत्रक. हुंडी शामळशा शेठवर आणि देव यायची खात्री नाही!

तेव्हा नात्यातल्या सगळ्या पोरांना एवढंच सांगणं. पैसे कुठलेही अडकोत, लगेच पुन्हा पाठवू नका. वेळ, रक्कम आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. तक्रार ॲपच्या आतूनच करा, मग बँकेकडे. बँकेने महिनाभरात दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. इंटरनेटवर शोधलेल्या नंबराला फोन नको. फसवणूक झालीच तर त्याच घटकेला १९३० हा नंबर फिरवा आणि घरात कुणाला तरी सांगा. आम्ही रागावू, पण ऐकून घेऊ.

राहून राहून एक गोष्ट मनात येते. कोकणातल्या त्या मनीऑर्डरीला यंत्रणा धड नव्हती, कायदाही बाजूने नव्हता. तरी ती हरवलेली सहसा सापडे, कारण तिची वाट बघणारं माणूस दुसऱ्या टोकाला होतं. खेळाच्या खात्यापलीकडे कुणीच वाट बघत नसतं. पैसे पाठवण्याआधी, माझ्या मते, एवढं एकच तपासावं. पलीकडून पोच लिहिणारं कुणी आहे का?