बदललेली बंदूक आणि इतिहासाचे मोल

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. शस्त्रास्त्रांचा जाणकार नव्हे. पण रोग्याचा पूर्वेतिहास विचारता विचारता जुन्या वस्तूंचाही इतिहास विचारण्याची सवय लागली. जुन्या लष्करी रायफलींचे संग्राहकही नेमका हाच प्रश्न विचारतात: हिच्यात बदल कोणी केला, केव्हा आणि कशासाठी?

एन्फिल्डचे नाव आपण शाळेत १८५७ च्या काडतुसांच्या निमित्ताने ऐकले. १८५३ च्या नमुन्याची ही ठासणीची रायफल. नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि आत पेचदार खाचा. त्या खाचांमुळे गोळी फिरत जाई आणि नेम दूरवर साधे. उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती असे हत्यार देणे इंग्रजांना धोक्याचे वाटले. त्यांनी नळ्या आतून ०.६५६ इंचापर्यंत कोरून गुळगुळीत केल्या आणि नेम धरण्याची वरखाली होणारी पट्टी काढून स्थिर पट्टी बसवली. कोरल्याने नळी पातळ पडली, म्हणून १८५९ च्या नमुन्यात ती जाड घडवली. हत्यार म्हणून ही अधोगतीच. पण संग्राहक अशा बंदुकीला बिघडलेली म्हणत नाही. राज्यकर्त्यांच्या मनातला अविश्वास त्या लोखंडात नोंदला गेला आहे.

पुढे १८६६ पासून त्याच एन्फिल्डच्या नळीचा मागचा भाग कापून स्नायडर पद्धतीची झडप बसवली गेली व ती मागून भरता येऊ लागली. हाही सैन्याचाच बदल, म्हणून तोही इतिहासाचाच भाग.

आता खासगी बदल पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली स्वस्तात मिळत. १९०३ च्या स्प्रिंगफील्डसारख्या रायफलींचे दस्ते शिकाऱ्यांनी तासले, नळ्या आखूड केल्या, दुर्बिणीसाठी पोलादात भोके पाडली. त्यांना मूर्ख म्हणू नये. बेताच्या पैशांत त्यांना शिकारीची बंदूक हवी होती. पण आज मूळ स्थितीतली रायफल दुर्मिळ झाली आहे आणि अशा बदललेलीला सहसा तिच्याहून बरीच कमी किंमत येते. काढलेला दस्ता जपला असेल तर तो परत बसवता येतो. पाडलेले भोक आणि घासून गेलेला शिक्का मात्र कायमचे.

याला अपवादही आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीसाठी दस्ता बदलून घेतलेली स्प्रिंगफील्ड १९०९ साली आफ्रिकेत नेली. तिथे तो बदलच इतिहास ठरला, कारण तो कोणी व कशासाठी केला याची नोंद आहे.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पणजोबांची तलवार भिंतीवर असेल. सणासुदीला ती चकचकीत करण्यापूर्वी पात्यावरची अक्षरे आणि शिक्के पाहा, छायाचित्र घ्या. मूठ बदलावीच लागली, तर जुनी मूठ फडक्यात गुंडाळून ठेवा आणि कोणी, कधी बदलली ते चिठ्ठीवर लिहा. चकाकी पुन्हा आणता येते; पुसलेले अक्षर परत येत नाही.