बालसखी

बालसखी : प्राथमिक शाळेत मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळातच वेगळे बसवून शिकवण्याची योजना, आणि त्यांना शिकवणारी वस्तीतली तरुणी. मुंबई महापालिकेच्या शाळांत १९९०च्या दशकात ‘प्रथम’ या संस्थेने ही योजना सुरू केली आणि पुढे ती वडोदऱ्यातही नेली. ‘प्रथम’ची स्थापना माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी युनिसेफ व महापालिकेच्या सहकार्याने मुंबईत केली होती.

योजना ज्या मुलांसाठी होती ती रोज शाळेत येणारी मुले होती. तिसरीतला असा मुलगा फळ्यावरचे सुबक अक्षरात उतरवून घेतो, कविता सगळ्यांबरोबर तालात म्हणतो, हजेरीलाही चुकत नाही. त्याच पुस्तकातले न शिकवलेले पान समोर धरले की मात्र थांबतो. ‘क’ ओळखतो, पण ‘की’ आणि ‘कि’ त्याला सारखेच. जोडाक्षर आले की तो बाईंच्या तोंडाकडे पाहू लागतो. त्याला बुद्धी कमी असते असे मुळीच नाही. पहिलीत आजारपण, गावाला जाणे, वर्गातली गर्दी अशा कारणांनी त्याची बाराखडी सुटलेली असते. वर्ग पाठ्यक्रमामागे धावतो आणि सुटलेले पुन्हा शिकवायला कुणी थांबत नाही. अशी मुले थोडी नव्हती. वडोदऱ्यातल्या चाचण्यांत पहिलीचे गणित नीट सोडवू शकणारी तिसरीतली मुले पाचांत जेमतेम एक निघाली.

शिक्षकांच्या मदतीने तिसरी-चौथीतली अशी पंधरा-वीस मुले निवडली जात. चार तासांच्या शाळेतले दोन तास ती बालसखीकडे असत. खोली मिळेलच याची खात्री नसे. मग व्हरांड्यात नाहीतर मैदानावर चटई पसरायची. पाठ्यक्रम पहिली-दुसरीचाच : अक्षरे, काना-मात्रा, छोटी वाक्ये, शंभरपर्यंतचे अंक, बेरीज, वजाबाकी. बालसखी स्वतः दहावी-बारावीपर्यंत शिकलेली, बहुधा मुलांच्याच वस्तीत राहणारी असे. तिला सुरुवातीला दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि पुढे वर्षभर मार्गदर्शन मिळे. मूल अडले तर ओरडा खाण्याऐवजी ते तिला विचारू शके, कारण ती त्याला गल्लीत रोज दिसणारी ताई होती. तिचे मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये होते. ज्या कामाची पुढे जगभर दखल घेतली गेली, त्याचा हा मोबदला फारच तोकडा होता. बालसख्या सरासरी वर्षभर टिकत. लग्न ठरले किंवा बरी नोकरी मिळाली की जात आणि दुसरी येई. तरीही योजनेचा परिणाम दिसतच राहिला. याचा अर्थ, यश एखाद्या असामान्य शिक्षिकेवर अवलंबून नव्हते. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करण्याच्या पद्धतीचे ते यश होते.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी २००१ पासून दोन्ही शहरांत योजनेची पाहणी केली. कोणत्या वर्गाला बालसखी द्यायची हे त्यांनी यदृच्छेने ठरवले आणि बालसखी मिळालेल्या व न मिळालेल्या वर्गांतल्या मुलांच्या गुणांची तुलना केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या वर्षाअखेर बालसखी असलेल्या शाळांतल्या मुलांचे सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले, आणि वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची होती. मूळ वर्गात उरलेल्या मुलांची संख्या कमी होऊनही त्यांच्या गुणांत विशेष फरक पडला नाही. नुसता पट कमी करून भागत नाही, हे यातून कळते. योजना थांबल्यावर वर्षभराने मात्र लाभ सुमारे ०.१० प्रमाण विचलनापर्यंत घसरला. अशी मदत मध्येच तोडणे मुलाला महागात पडते. बॅनर्जी व डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

याच अनुभवातून इयत्तेऐवजी मुलाच्या पातळीनुसार गट करण्याची पद्धत रुळली. तिची चाचणी अगदी साधी आहे : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत २००५ पासून देशभर हीच वाचनचाचणी वापरली जाते. २०२१ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानानेही तिसरीअखेर वाचन आणि अंकज्ञान पक्के करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

डिसलेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची गरज मात्र याहून वेगळी असते. त्यांना तज्ज्ञांकडून तपासणी आणि विशेष शिक्षकाची मदत लागते, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. प्रत्येक मागे पडलेल्या मुलाला हा शिक्का मारणे जितके चूक, तितकेच खरी अक्षमता ‘आळशीपणा’ म्हणून झटकणे चूक.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पालकांनी घरी मुलाला पुस्तकातले न शिकवलेले पान वाचायला द्यावे, आणि ते अडखळले तर त्याला न रागावता शाळेकडे ही मदत मागावी.