किराण्याच्या कूपननं खरंच पैसे वाचतात का? समजून घ्या सोपा हिशेब

‘५०० रुपयांच्या खरेदीवर ५० रुपये सूट!’ असं कूपन तुमच्याही मोबाईलवर येत असेल. पण अकोल्याच्या मॉलमध्ये जा किंवा बाळापूरच्या किराणा दुकानात, कूपन वापरण्याआधी हे मुद्दे तपासा.

किमान खरेदीची अट

समजा, तुमची यादी ४३० रुपयांची आहे. कूपनसाठी तुम्ही ७० रुपयांची बिस्किटं वाढवली. बिल झालं ५००, सूट ५०, म्हणजे दिले ४५०. वाचले काहीच नाहीत, उलट २० रुपये जास्त गेले. बाळापूरहून अकोल्याला जाणार असाल, तर येण्याजाण्याचा खर्चही धरा.

पाकिटावर काय बघायचं?

एमआरपीजवळ ‘युनिट सेल प्राईस’ छापलेली असते. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती प्रतिग्रॅम असते, जास्त असेल तर प्रतिकिलो. उदाहरणार्थ, २५० ग्रॅम चहा १४० रुपयांना आहे आणि त्यावर २० रुपयांचं कूपन आहे. म्हणजे ग्रॅममागे ४८ पैसे. एक किलोचं पाकीट ४५० रुपयांना असेल, तर कूपनशिवायही ग्रॅममागे ४५ पैसेच पडतात. अर्थात, तेवढा चहा घरात लागत असेल तरच.

एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. ती जास्तीत जास्त किंमत आहे, त्यामुळे नेहमीचा दुकानदार त्याहून कमीतही देऊ शकतो. विचारायला लाजू नका. कोणी जास्त घेत असेल, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा.

सगळ्यात मोठी बचत कुठे?

रेशनकार्डावर. प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य दरमहा मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि डिसेंबर २०२८ पर्यंत मोफत राहणार आहे. चौघांच्या घराला महिन्याला २० किलो! कामासाठी पुण्या-सुरतेला गेलेल्यांनाही तिथल्या रेशन दुकानातून हे धान्य घेता येतं. मात्र घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी झाली आहे का, हे दुकानदाराकडे विचारून घ्या.

खोटं कूपन कसं ओळखायचं?

‘लिंक दहा जणांना पाठवा, मोफत किराणा मिळवा’ असा मेसेज दिसला की थांबा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा.

थोडक्यात, आधी यादी, मग कूपन. उलटं केलं की खिसा रिकामा!