सांबाराच्या जुडीतील इतिहास



गोकुळपेठेच्या बाजारात पिशवी भरली की आपण भाजीवाल्या बाईंकडे थोडा सांबार मागतो. पुण्या-मुंबईकडे त्यालाच कोथिंबीर म्हणतात, आपल्या घरांत हरा धनिया. सांबारवडीच्या दिवशीच ज्याची आठवण होते, त्या सांबाराचा इतिहास फार मोठा आहे.

इ.स. 1922 मध्ये इजिप्तमध्ये तुतनखामेन राजाची कबर सापडली. तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या त्या कबरीत धने ठेवलेले होते. आपल्याकडे पाणिनीच्या व्याकरणात धन्यासाठी 'कुस्तुंबुरु' हा शब्द आला आहे. शार्ङ्गधरसंहितेत 'धान्यक हिम' सांगितला आहे. एक भाग कुटलेले धने सहा भाग थंड पाण्यात रात्रभर भिजवावेत आणि सकाळी ते पाणी गाळून साखरेबरोबर घ्यावे. तहान व अंगाचा दाह शमतो. माझी दादी मे महिन्यात नेमके हेच करीत असे. तिने तो ग्रंथ कधी पाहिला नव्हता, परंतु ग्रंथातील ज्ञान तिच्या माठाजवळ पोहोचले होते.

हकीमही धने वापरीत. अरबीत त्यांना 'कुझबरा' व फारसीत 'किश्नीझ' म्हणतात. इब्न सीना (980–1037) यांच्या 'अल्-कानून'मध्ये त्यांचे गुण दिले आहेत. युनानी दवाखान्यात 'इतरीफल किश्नीझी' मिळते. हिरडा, बेहडा, आवळा आणि धने यांचे हे औषध डोकेदुखी व पडशावर देतात. 'इतरीफल' म्हणजे काय? आपल्या 'त्रिफळा' या शब्दाचेच ते अरबी रूप! अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये सुश्रुताचा ग्रंथ अरबीत गेला. इ.स. 850 च्या सुमारास तबरी यांनी आपल्या 'फिरदौस-उल-हिकमत'मध्ये हिंदी वैद्यकाला स्वतंत्र भाग दिला. त्या विद्वानांनी ज्ञान कोणाचे हे न पाहता ते उपयोगी आहे काय, एवढेच पाहिले. हकीम अजमल खान यांनीही दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात आयुर्वेद व युनानी एकाच छपराखाली आणले. 1921 मध्ये त्याचे उद्घाटन गांधीजींनी केले.

पण मित्रहो, आदर म्हणजे आंधळेपणा नव्हे. एका उन्हाळ्यात आमच्या शेजारचा मुलगा भर दुपारी खेळून आला. अंग भट्टीसारखे तापलेले, बोलणे असंबद्ध. आम्ही तासभर त्याला धन्याचे पाणी पाजीत बसलो. दवाखान्यात नेल्यावर कळले की तो उष्माघात होता आणि तो तास मोलाचा होता. मुलगा वाचला, परंतु त्या तासाची खंत मला आजही आहे. अशा वेळी रुग्णाला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

मग सांबाराचे काय? तो रोज खावा. हिरव्या पानांत 'क' जीवनसत्त्व असते. ते उष्णतेने कमी होते, म्हणून सांबार भाजी उतरवल्यावर वरून घालावा. धन्यातील सुगंधी तेलात लिनॅलूल हे मुख्य द्रव्य असते. त्यावर प्रयोगशाळांत संशोधन चालू आहे. परंतु मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी सोडून धन्याच्या पाण्यावर कोणीही विसंबू नये.

बगदादच्या विद्वानांनी परक्याचे ज्ञान पारखून घेतले. आपण निदान दादी-नानीचे ज्ञान पारखून घ्यावे. उद्या भाजी निवडताना आईला एवढे विचारा, "हे कशासाठी घालतात?" अभ्यासाची सुरुवात तेथूनच होते.