सातूजन्य ईजीएफ

सातूच्या (जव, बार्ली) दाण्यात तयार करून घेतलेले व सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाणारे मानवी प्रथिन. पूर्ण नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे बाह्यत्वचेच्या पेशींना वाढीस लावणारा घटक. 53 अमिनो आम्लांची ही साखळी गंधकाच्या तीन दुव्यांनी घट्ट बांधलेली असते. रेणुभार सुमारे 6,200 डाल्टन. प्रसाधनांच्या वेष्टनावर 'एसएच-ऑलिगोपेप्टाइड-1' हे नाव आढळते. 'एसएच' म्हणजे संश्लेषित मानवी. हे प्रथिन वनस्पतिजन्य म्हणून विकले जात असले, तरी त्यातील अमिनो आम्लांचा क्रम माणसाचाच आहे. सातूकडे काम आहे ते घडवणाऱ्या कारागिराचे.

अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांना हे प्रथिन उंदराच्या लाळग्रंथीत सापडले. ग्रंथीचा अर्क टोचलेल्या नवजात पिल्लांचे डोळे लवकर उघडत आणि दात लवकर फुटत. 1962 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. वाढ घडवणाऱ्या घटकांच्या शोधांबद्दल कोहेन व रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांना 1986 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ईजीएफ पेशीवरील ग्राहीला जोडले जाते आणि विभाजनाचा संदेश आत पोहोचतो.

बाजारातील बरेच ईजीएफ जीवाणू किंवा यीस्टमध्ये बनते. आइसलँडच्या ओआरएफ जेनेटिक्स या 2001 मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने सातू निवडला, आणि ती निवड विचारपूर्वक होती. मानवी प्रथिनाचे जनुक सातूत घातले की प्रथिन दाण्याच्या पुष्कात, म्हणजे पिठूळ भागात, साठते; कोरड्या दाण्यात ते टिकते. जीवाणूंपासून येणारी अंतर्विषे दाण्यात तयार होत नाहीत. सातू स्वपरागित असल्याने बदललेले जनुक परागांवाटे पसरण्याचा धोकाही कमी. रेक्यानेस द्वीपकल्पावर ग्रिंदाव्हीकजवळच्या हरितगृहात भूगर्भातील उष्णतेच्या जोरावर हे पीक मातीऐवजी ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडात वाढवले गेले. 'बायोइफेक्ट' हे सीरम 2010 मध्ये विक्रीस आले.

निर्मितीची ही कामगिरी निर्विवाद आहे. सुरकुत्यांवरील परिणामाबद्दल तसे म्हणता येत नाही. 500 डाल्टनपेक्षा मोठे रेणू अखंड त्वचेतून सहसा आत जात नाहीत, हा बॉस व माइनार्डी यांनी 2000 मध्ये मांडलेला नियम; ईजीएफ त्याच्या बारा पट मोठे आहे. जखमेवर हा अडसर नसतो. म्हणूनच मधुमेहींच्या पायावरील व्रणांसाठी हैदराबादच्या भारत बायोटेकचे 'रिजेन-डी' हे जेल वापरले जाते, तर क्यूबाचे 'हेबरप्रोट-पी' व्रणात टोचले जाते. ही दोन्ही औषधे आहेत. उघड्या व्रणावरचा अनुभव धडधाकट चेहऱ्यावरच्या सीरमला पुरावा म्हणून लावणे गैर आहे. शिवाय अशा सीरममधील ग्लिसरीन व सोडियम हायलुरोनेट त्वचेत ओलावा धरून बारीक रेषा स्वतःच मंद करतात. त्यामुळे ईजीएफ वगळून बाकी सारे तसेच ठेवलेल्या सीरमशी तुलना केल्याखेरीज श्रेय कोणाचे हे ठरत नाही.

प्रसाधनातील ईजीएफमुळे कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. मात्र या प्रथिनाची ग्राही अनेक कर्करोगांत अतिसक्रिय असते. त्यामुळे आकार किंवा रंग बदलणारा तीळ, न भरणारा फोड अशा जागी ते लावू नये. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.