गिरणगावातील खाणावळ

'हॉटेल' हा शब्द मराठीत रुळून फार काळ लोटला. तरी घराबाहेर मिळणाऱ्या साध्या, पोटभर जेवणाची आठवण निघाली की आपल्या ओठांवर येतो तो 'खाणावळ' हाच शब्द. हॉटेलात माणूस गिऱ्हाईक असतो, खाणावळीत तो 'मेंबर' होतो. महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आपल्यासारख्यांना आमटी-भाताची ओढ अंमळ अधिकच असते. त्या ओढीला ज्या संस्थेने पिढ्यान्‌पिढ्या अन्न पुरविले, तिची कहाणी या सुवर्णमहोत्सवी अंकात अप्रस्तुत ठरू नये.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढे लालबाग, परळ, वरळी हा सारा परिसर धुराड्यांनी भरून गेला आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडील माणसांचा ओघ मुंबईकडे लागला. येणारा पुरुष बहुधा एकटाच येई. जमिनीचा तुकडा, वृद्ध आईबाप व बायकामुले गावीच राहत. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईत पुरुषांच्या मानाने स्त्रिया निम्म्याहून किंचितच अधिक होत्या. चाळीतील एकेका गाळ्यात अनेक जण राहत, आणि पहिल्या पाळीचा कामगार उठून गेला की त्याच जागी रात्रपाळीचा अंथरूण पसरी. तेथे चूल मांडणार कोण आणि कोठे?

ती मांडली शेजारच्याच खोलीतील एखाद्या बाईने. कोणी विधवा, कोणाच्या नवऱ्याची नोकरी सुटलेली, कोणाचा पगार घरी पोचण्याआधीच गुत्त्यात संपलेला. पाटी नाही, टेबलखुर्ची नाही. भिंतीशी पंगत बसे आणि एक उठली की दुसरी. पहिल्या पाळीच्या भोंग्यापूर्वी डबे भरावयाचे म्हणून तिचा दिवस अपरात्रीच उजाडे. कोकणच्या मेंबराला भात आणि सुक्या मासळीचे कालवण, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत रस्सा. हे जेवण स्वस्त होते म्हणून रुचले, असे म्हटल्याने सारे सांगून होत नाही. ज्याच्या त्याच्या तालुक्याचे तिखट त्यात असे. कोण आज जेवला नाही, कोणाला ताप आहे, हे वाढणाऱ्या हाताला ठाऊक असे.

मात्र या आठवणींना सोनेरी मुलामा देताना जपून असावे. गावाप्रमाणे खाणावळ निवडली जाई, तशी जातीप्रमाणेही. घराबाहेरच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार, हा आपल्या समाजात शतकभरापूर्वी केवढा कळीचा प्रश्न होता, हे ध्यानी घ्यावयाचे तर कोल्हापूरकडे पाहावे. तेथे १९२० च्या सुमारास गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानात राजर्षी शाहू महाराज स्वतः जाऊन चहा घेत. एका कप चहासाठी छत्रपतींना आपले वजन खर्ची घालावे लागावे, यातच सर्व आले.

खाणावळीचा खरा कणा होता तो उधारीचा. कामगाराचा पगार महिना भरल्यावर हाती येई. जेवण मात्र रोज लागे. वाणी उधार देई तो व्याजाच्या हिशेबाने, सावकार दागिना ठेवून घेई. मेंबर पैसे देणार पगाराला, तेही संप वा टाळेबंदी आली नाही तर! म्हणजे भांडवल नसलेली ही बाई कामगाराला महिनाभर पतपुरवठा करीत होती, आणि त्या पतपुरवठ्यावरच गिरणीचे चाक फिरत होते. गिरण्यांच्या इतिहासात मालकांची नावे आहेत, पुढाऱ्यांचीही आहेत. या बायांची मात्र क्वचितच.

ही उणीव ज्यांना जाणवली त्यांत प्रेमाताई पुरव अग्रगण्य होत. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत वावरलेल्या या कार्यकर्तीने पाहिले की, संपात कामगारांना जगवितात त्या खाणावळवाल्या. परंतु संघटना आहे ती फक्त कामगारांची. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. तारण नसलेल्या बायकांनी गट करून एकमेकींची हमी द्यावी आणि बँकेने कर्ज द्यावे, ही वाट मंडळाने पाडली. अंगठा उठविणाऱ्या बाईला बँकेच्या दारात 'या बसा' म्हटले जाऊ लागले, हे त्या रकमेपेक्षाही मोठे होते, असे मला वाटते. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

पण गिरणीवर उभी राहिलेली ही व्यवस्था गिरणीबरोबरच खचली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. जो तो म्हणे, महिना-दोन महिन्यांत मिटेल; तेवढ्या भरवशावर पंगती चालू राहिल्या. पगाराची तारीख उलटत गेली, वह्या भरत गेल्या. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मेंबर मात्र एकेक करून गावी परतले. पुढे कित्येक गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे व मॉल उभे राहिले. पूर्वीच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज देशोदेशीचे खाद्यपदार्थ मिळतात.

कामगारांच्या थकलेल्या पगाराचे आणि घरांचे दावे वर्षानुवर्षे लढले गेले. खाणावळवालीच्या वहीतील येणे मात्र वहीतच राहिले. गावी गेलेल्या मेंबराकडे ती मागणार तरी कोणत्या तोंडाने? तिनेच त्याला शेवटचे जेवण वाढून गाडीला लावले होते.