मार्कर ते व्यावसायिक : मुंबईच्या स्क्वॉशमधील एक विस्मृत प्रकरण

१/ १९५० साली ब्रिटिश ओपन स्क्वॉश स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताचा एक खेळाडू उतरला होता. नाव अब्दुल बारी, कर्मभूमी मुंबई. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तेव्हा अस्तित्वात नव्हती. ब्रिटिश ओपन हाच त्या खेळातील सर्वोच्च मान होता. इजिप्तच्या महमूद करीमने बारींना हरवले. पण त्या उपविजेतेपदाने स्क्वॉशचा पुढचा इतिहास बदलला. कसा, ते या धाग्यात पाहू.

२/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. स्क्वॉशचा जन्म एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील हॅरो या शाळेत झाला. चार भिंती, ३२ फूट लांब व २१ फूट रुंद जागा, आणि भिंतीवर आदळताच दबणारा रबरी चेंडू. ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर हा खेळ हिंदुस्थानातील छावण्यांत आणि जिमखान्यांत आला. मुंबईपासून पेशावरपर्यंत जेथे गोऱ्या साहेबांचा क्लब, तेथे कोर्ट, अशी स्थिती होती.

३/ कोर्ट आले की ते सांभाळणारा माणूसही लागतो. त्याला ‘मार्कर’ म्हणत. गुण मोजणे, रॅकेटींची निगा राखणे, नवशिक्या सभासदाला शिकवणे आणि जोडीदार आला नाही तर त्याच्याशी खेळणे, ही त्याची कामे. वेतन क्लबकडून. सुरुवात बहुधा चेंडू उचलणाऱ्या पोऱ्यापासून होई. त्या काळी ‘व्यावसायिक खेळाडू’ म्हणजे प्रामुख्याने हाच माणूस. आज जो शब्द आपण आदराने उच्चारतो, तो तेव्हा सामाजिक उतरंडीतील खालची पायरी दाखवत असे. सन्मान होता तो ‘हौशी’ खेळाडूला. कारण त्याला खेळावर पोट भरण्याची गरज नव्हती.

४/ पेशावरजवळच्या नवाकिल्ली गावचा हाशिम खान याच वाटेने वर आला. वडील अधिकाऱ्यांच्या क्लबात नोकरीला. कोर्टांना छत नव्हते. बाहेर उडालेले चेंडू हा मुलगा आणून देई. साहेब लोक नसले की रिकाम्या कोर्टात एकटाच खेळे. १९४४ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय स्पर्धेत त्याने विजेतेपद मिळवले आणि पुढची दोन वर्षे ते राखले. त्या वर्षांत मुंबईत त्याच्याकडून हरणाऱ्यांत त्याचेच दूरचे नातेवाईक अब्दुल बारी होते.

५/ मग फाळणी झाली. बारींनी भारतात राहणे पसंत केले. हाशिम पेशावरलाच राहिला. एकाच गोतावळ्यातील दोन खेळाडू दोन राष्ट्रांचे झाले. १९५० साली भारताच्या पाठबळाने बारी ब्रिटिश ओपनला गेले आणि अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. ही वार्ता पेशावरला पोहोचली, तेव्हा हाशिमच्या मनात साधा हिशेब उभा राहिला असणार : ज्याला आपण मुंबईत हरवले, तो तेथवर जातो, तर आपण का नाही?

६/ पाकिस्तानच्या हवाई दलाने त्याला पाठबळ दिले. १९५१ साली, पस्तिशी ओलांडलेल्या हाशिमने सलग चार वेळा विजेत्या ठरलेल्या करीमला ९-५, ९-०, ९-० असे नमवले. हाशिम, आझम, रोशन आणि मोहिबुल्ला या खान मंडळींनी तेव्हापासून सलग १३ वेळा हे अजिंक्यपद जिंकले. या साखळीची पहिली कडी म्हणजे मुंबईच्या बारींचा तो पराभव.

७/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट दिसते. दोघांचेही कौशल्य क्लबच्या नोकरीत घडले. परंतु परदेशी जाण्याचे भाडे त्या वेतनातून निघणे शक्य नव्हते. मार्करची कारकीर्द कोणीतरी आश्रय देईपर्यंत कोर्टाच्या चार भिंतींतच राहत असे. मुंबईचे नामवंत प्रशिक्षक युसूफ खान १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे स्थायिक झाले. त्यांच्या शबाना आणि लताशा या कन्या पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय विजेत्या ठरल्या.

८/ त्याच मुंबईत दुसरी वाटही होती. अनिल नायर यांनी १९६५ साली कुमारांसाठी प्रतिष्ठेचा मानला जाणारा ड्रायस्डेल चषक जिंकला. नंतर ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. अमेरिकेत तेव्हा कठीण चेंडूचा आणि अरुंद कोर्टाचा निराळा खेळ चाले. तोही आत्मसात करून १९६९ आणि १९७० साली ते अमेरिकेचे राष्ट्रीय विजेते झाले. १९६९चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला. मात्र ही कारकीर्द हौशी खेळाडूची होती. पहिली वाट नोकरीतून गेली, दुसरी शिक्षणातून.

९/ हौशी आणि व्यावसायिक हा भेद स्क्वॉशने १९८० साली अधिकृतपणे मिटवला. मुंबईचा महेश माणगावकर या नव्या युगाचा प्रतिनिधी. जन्म १९९४. २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय चमूत तो होता. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे पुन्हा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. पहिली लढत महेश हरला. पुढच्या दोन सौरव घोषाल आणि अभय सिंह यांनी जिंकल्या आणि सुवर्ण भारताकडे आले. फाळणीने विभागलेला हा खेळ ७६ वर्षांनी त्याच दोन संघांत रंगला होता.

१०/ त्यानंतर अवघ्या पंधरवड्यात, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्क्वॉशला प्रथमच स्थान दिले. बैठक कोठे होती? मुंबईतच.

११/ आता आपल्याकडे वळू. पालघर-बोईसरहून डहाणू लोकलने चर्चगेटला उतरले की जुन्या क्लबांच्या भिंती पायी फिरण्याच्या अंतरावर आहेत. आतली कोर्टे सभासदांची. पूर्वी गरीब मुलगा निदान चेंडू उचलायला तरी आत शिरत असे आणि त्यातूनच हाशिम घडला. आज भेद कागदावरून गेला. दार मात्र किती उघडले, हा प्रश्न तारापूरच्या कामगार वसाहतीत वाढणाऱ्या मुलीसाठी शिल्लकच आहे.

१२/ एक विनंती. विजेत्यांची नावे फलकावर राहतात. चेंडू उचलणाऱ्यांची नोंद हजेरीपटापलीकडे क्वचितच जाते. आपल्या घरातील किंवा आळीतील कोणी आजोबा मुंबईच्या क्लबांत मार्कर, माळी वा पोऱ्या म्हणून राबले असतील, तर त्यांच्याजवळ बसा आणि आठवणी लिहून घ्या. गावाचे नाव, क्लबचे नाव, पगार, कामाच्या वेळा, सारे काही. बारींच्या काळाचा इतिहास लिहायचा, तर उद्या हेच कागद कामी येतील.